वाड्यामागची बाग आणि बागेतली बंगली : नागपुरात जीर्णोद्धार कसा करावा

महाल, जुनी शुक्रवारी, इतवारी या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील काही वाड्यांच्या मागे आजही एक आटोपशीर बाग आणि त्या बागेत एक बंगली उभी आहे. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, तीन बाजूंनी उघडी ओसरी, वर कवेलूंचे (कौलांचे) छप्पर, समोर हौद आणि कडेला विहीर असे तिचे साधारण रूप असते. नागपूरकर भोसले राजांच्या काळात शहराबाहेर तेलंखेडी, सक्करदरा, सोनेगाव येथे मोठ्या बागा होत्या, शहरात तुळशीबाग होती, आणि सरदार, कारभारी व सावकार मंडळींनी आपल्या वाड्यांतही तीच हौस आपल्या ऐपतीप्रमाणे पुरी केली. आज यांपैकी बहुतेक हौदांत मोडके सामान पडलेले दिसते, विहिरीवर जाळी असते आणि बंगलीचा उपयोग अडगळ ठेवण्यासाठी होतो. ज्या कुटुंबांनी किंवा विश्वस्तांनी ही वास्तू पाडण्याऐवजी राखायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. बंगली आणि बाग ही दोन निरनिराळी कामे नाहीत. विहिरीचे पाणी हौदात येते, हौदातून पाटाने वाफ्यांत जाते, आणि ओल्या वाफ्यांवरून येणारा वारा ओसरीत गारवा आणतो. बांधणाऱ्याने ही एकच रचना म्हणून योजली होती. म्हणून कामाची सुरुवात पाण्यापासून करावी आणि रंगरंगोटी अगदी शेवटी ठेवावी. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा होतो, आणि मग दोन पावसाळ्यांत रंग सोलपटून निघतो.

आधी एक पूर्ण वर्ष पाहावे

गळते छप्पर ताडपत्रीने झाकणे, कललेल्या तुळईला टेकू देणे आणि विहिरीला कठडा करणे एवढी कामे तातडीने करावीत. बाकी कशालाही वर्षभर हात लावू नये. याचे कारण नागपूरचे हवामान आणि माती यांत आहे. येथे वर्षाकाठी साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्यात मात्र पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जेथे पायाखाली काळी माती आहे, तेथे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्याबरोबर जोतेही हलते. भिंतीतील भेग कोणत्या जातीची आहे हे एका भेटीत कोणालाही सांगता येत नाही.

त्यासाठी सोपा उपाय असा की, प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करावी, शेजारी तारीख लिहावी आणि भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांतील अंतर दर महिन्याला मोजावे. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग मातीच्या श्वासाची असते. ती चुन्याने भरून भागते. वर्षभर एकाच दिशेने वाढत जाणारी भेग पाया खचत असल्याचे सांगते आणि तेथे संरचना अभियंत्याचा सल्ला घेण्याला पर्याय नाही. याच वर्षात विहिरीची पाणीपातळी दरमहा नोंदवावी, आणि जुलैतील एखाद्या मोठ्या सरीत छत्री घेऊन बागेत उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे तुंबते आणि जोत्याला कोठे भिडते, हे अर्ध्या तासात जेवढे कळते तेवढे नकाशावरून कळत नाही.

कागद, छायाचित्रे आणि काळ ठरवणे

निरीक्षणाचे वर्ष कागद शोधण्यातही घालवावे. नगर भूमापन कार्यालयातील आखीव पत्रिका (मालमत्ता पत्रक) आणि जुना नकाशा, नझुलाचे (शहरातील सरकारी जमिनीचे) उतारे, घरातील मोडी दफ्तर, वाटणीपत्रे आणि विहिरीच्या हक्कांबद्दलचे तंटे या सर्वांत बागेचा उल्लेख सापडू शकतो. नागपूरच्या अभिलेखागारातही एक फेरी अवश्य करावी. पण मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे लग्नातील जुनी छायाचित्रे. माणसांच्या मागे हौदाचा काठ, खांबांवरील नक्षी, वेलीचा मांडव, कुंड्यांची ओळ असे सगळे टिपलेले असते आणि लग्नाची तारीख घरात कोणाला तरी ठाऊक असते.

वास्तूही आपले वय सांगते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये सुरू केला आणि रेल्वे नागपुरात १८६७ मध्ये पोहोचली. तेव्हा छपरावर कारखान्याची छाप असलेली चपटी कौले असतील, तर ते छप्पर त्यानंतर कधीतरी बदललेले आहे. हाताने थापलेली अर्धगोल कवेलू, पातळ विटा आणि सुरूच्या आकाराचे खांब जुन्या कामाकडे बोट दाखवतात, तर ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगीत तावदाने रेल्वेनंतरच्या दिवसांकडे.

एवढे हाती आल्यावर एक निर्णय लेखी घ्यावा, तो म्हणजे बाग कोणत्या काळाची म्हणून उभी करायची. येथे माझे मत ठाम आहे. सर्वांत जुना काळ हाच सर्वांत चांगला काळ असे मानू नये. ज्या काळाचा पुरावा जमिनीत, कागदात आणि इमारतीत सर्वाधिक शिल्लक आहे, तोच निवडावा. नंतर पडलेली चांगली भर, उदाहरणार्थ १८९० च्या दशकातील रंगीत काचेचे दार, केवळ 'मूळचे नाही' म्हणून काढून टाकणे ही नासधूस आहे.

परवानग्या

वास्तू शहराच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे महानगरपालिकेत पाहून घ्यावे; असल्यास बदलांसाठी वारसा संवर्धन समितीची संमती घ्यावी लागते. जवळपास केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असते, आणि तेथे दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा लागू आहे, आणि २०२१ मधील दुरुस्तीनंतर ५० वर्षे व त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष मानली जातात. त्यामुळे जुन्या बागेतील मोठी फांदी उतरवण्याआधीही अर्ज करावा. सर्व अर्जांसोबत मोजमापांचे आराखडे लागतात, आणि ते करून घेण्याचा खर्च वाचवू नये. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे गट असे मोजणीचे काम अभ्यास म्हणून करतात; नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या वास्तुकला विभागात चौकशी करता येईल.

खणून पाहणे

जुनी बाग जमिनीखाली असते. राडारोडा, राख आणि पालापाचोळा साचून अंगण एक ते दोन फूट वर आलेले असते आणि मूळची आखणी त्याखाली शाबूत असण्याची शक्यता बरीच असते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावे. तेव्हा माती कोरडी असली तरी दगडासारखी झालेली नसते. साधारण एक मीटर लांब-रुंद असे चार-पाच खड्डे घ्यावेत: एक हौदालगत, एक विहिरीच्या थारोळ्याजवळ (मोटेचे पाणी पडते त्या कुंडाजवळ), एक जोत्याच्या पायरीसमोर आणि उरलेले जेथे वाफे असावेत असे वाटते तेथे. कुदळ बाजूला ठेवून खुरपे वापरावे, दर वीतभर खोलीनंतर थांबावे, पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि मातीचा रंग लिहून ठेवावा.

महालातील एका बागेत आम्ही असा खड्डा घेतला तेव्हा पहिली वीत विटांचे तुकडे आणि बांगड्यांच्या काचा निघाल्या. त्याखाली राखेचा थर होता, मग भुसभुशीत काळसर माती लागली, आणि पावणेदोन फुटांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या पातळ विटांची सरळ ओळ दिसली. आम्ही तिला भिंतीचा पाया समजलो. घरातील आजी खड्ड्याच्या काठाशी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बापा, हा त पाट आहे. मोटेचं पाणी इथूनच वळे." दुसऱ्या दिवशी चार फुटांवर तशीच दुसरी ओळ सापडली आणि तिच्या टोकाला खापरी नळाचे तोंड होते, आत चिकणमाती गच्च भरलेली.

त्या खड्ड्याने आणखी एक गोष्ट शिकवली. वाटेचा चुनखडी थर वाफ्याच्या मातीपेक्षा जवळजवळ हातभर उंच होता. म्हणजे वाटा वर आणि वाफे खाली. पाटाचे पाणी वाफ्यात सोडले की ते भरून राहते, मुरते, आणि चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात. आजचे कंत्राटदार याच्या नेमके उलट करतात: वाफे विटांनी उंच उचलतात, वाटांवर सिमेंटचे ठोकळे बसवतात आणि मग रोज नळाने पाणी घालावे लागते. जुनी पातळी सापडली की ती सोडू नये. बागेच्या पुनर्बांधणीत माझ्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही नाही.

विहीर, हौद आणि पाट

विहिरीचा गाळ मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना उपसावा. जुन्या बंद विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो किंवा प्राणवायू कमी असू शकतो; कंदील सोडून पाहणे पुरेसे नाही. वायुमापक यंत्राने तपासणी, खेळती हवा, कमरेला दोर आणि वर किमान दोन माणसे यांशिवाय कोणालाही आत उतरवू नये. गाळ फेकण्याआधी चाळून घ्यावा, कारण कठड्याचे घडीव दगड, कारंज्याची तोटी, रहाटाचे लोखंड हमखास त्यातच असते. विहिरीच्या आतील दगडी बांधकामाच्या सांध्यांत सिमेंट भरू नये; पाझर त्याच सांध्यांतून येतो. फक्त निसटलेले दगड जागेवर बसवावेत आणि वरच्या कठड्याच्या दरजा चुन्याने भराव्यात.

हौद गळत असेल तर आतून जलरोधक रसायन फासण्याची घाई होते. त्याआधी तळ आणि भिंती धुऊन भेगा शोधाव्यात, खापरी नळांचे सांधे उघडून पाहावेत. गळती बहुधा हौदाच्या अंगात नसून या सांध्यांत असते. जुना गिलावा सुटला असेल तर सुरखी (विटांची भुकटी) घातलेल्या चुन्याचा नवा गिलावा दोन थरांत करावा, घोटून गुळगुळीत करावा आणि मग हौद हळूहळू, आठवडाभर थोडा थोडा भरावा. हौदात गप्पी मासे सोडावेत, म्हणजे डासांचा प्रश्न मिटतो.

कारंज्याबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. पाण्याची टाकी तोटीपेक्षा जेवढी उंच, तेवढ्या उंचीपर्यंतही फवारा प्रत्यक्षात पोहोचत नाही, कारण नळातील घर्षण आणि हवेचा विरोध त्यातील काही उंची खातात. वाड्यातील मूळ कारंजे दोन-तीन फूट उडत असे, आणि त्या ओसरीला तेवढेच शोभते. मोट पुन्हा चालवणे शक्य नसले तरी छोट्या पंपाने थारोळ्यात पाणी टाकून पुढे सर्व उताराने वाहू द्यावे. पाट कोरडा ठेवून वाफ्यांत ठिबक नळ्या पसरणे पाण्याच्या बचतीसाठी काही ठिकाणी आवश्यक असेलही. परंतु आठवड्यातून एक पाळी पाटाने द्यावी, नाहीतर पाटाचा चुना वाळून तडकतो आणि पुढच्या पिढीला तो कशासाठी होता हेच कळत नाही.

बंगलीचे काम

क्रम असा ठेवावा: जोत्याभोवतीचे पाणी, छप्पर, लाकूड, मग भिंती.

जोत्याभोवती साचलेली माती काढून मूळ पातळी उघडी करावी. खांबांचे तळखडे (खालचे बैठकीचे दगड) मातीत गाडले गेले असतील तर लाकडाचा बुंधा कुजलेला असणारच. मात्र चारही बाजूंनी एकदम खणू नये. एका वेळी एक बाजू, तीही टप्प्याटप्प्याने. जोत्यापासून दोन मीटरपर्यंत जमिनीला बाहेरच्या दिशेने, दर ५० सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर असा उतार द्यावा.

छप्पर उतरवताना प्रत्येक कवेलू वाजवून पाहावे. खणखणीत वाजणारे ठेवावे, बद्द वाजणारे बाजूला काढावे. निम्म्याहून अधिक जुनी कवेलू परत वापरता येतात. ती समोरच्या दर्शनी उतारावर एकत्र लावावीत आणि नवी मागच्या बाजूला.

लाकडाच्या बाबतीत संपूर्ण खांब बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. कुजलेला भाग हात-दीड हातच असतो. खांबाला टेकू देऊन तेवढा भाग काढावा आणि जुन्या, पूर्ण वाळलेल्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने व लाकडी खुंट्यांनी जोडावा. उत्तम सागवान बल्लारशाच्या आगारात मिळते. आपल्याकडील हे लाकूड अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही गेले. जुना तैलरंग आगीच्या झोताने जाळू नये, नक्षीच्या कडा करपतात. रंग काढल्यावर जवसाचे तेल कोमट करून दोन-तीन हात द्यावेत. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवावीत. वाळवीसाठी जमिनीत औषध सोडायचे झाल्यास विहिरीपासून दूर, आणि पाण्यात उतरणार नाही अशाच रीतीने सोडावे.

आता चुना. एका बंगलीच्या भिंतींना आमच्या आधी आलेल्या कंत्राटदाराने सिमेंटचा जाड गिलावा केला होता. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि भर मे महिन्यात पायाशी ओली. गिलाव्याचा वीतभर तुकडा काढला तेव्हा मागच्या विटा बोटाने खरवडल्या तरी पिठासारख्या गळत होत्या आणि त्यांवर पांढऱ्या क्षारांची बुरशीसारखी लव उगवली होती. जुनी भिंत जमिनीची ओल शोषते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत अडकते आणि विटा खाऊ लागते. म्हणून सिमेंट, सिमेंट मिसळलेला चुना आणि प्लास्टिक रंग हे तिन्ही पूर्ण वर्ज्य समजावेत.

चुना कामाच्या आधी निदान तीन आठवडे, शक्य असेल तर तीन महिने भिजवून ठेवावा. आधी टाकीत पाणी घ्यावे आणि त्यात कळीचा चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, तो उसळतो आणि डोळे जातात. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे हवेतच. वर चार बोटे पाणी राहील असे पाहावे. मग एक भाग चुन्याचा लगदा आणि तीन भाग धुतलेली वाळू, किंवा ओलीच्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू असे मिश्रण चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या चक्कीत) मळावे. प्रमाण ठरवण्याआधी जुन्या गिलाव्याचा नमुना तपासून घ्यावा, कारण प्रत्येक वास्तूचा चुना निराळा असतो. जुने मिस्त्री त्यात गुळाचे किंवा हिरड्याचे पाणी, बेलफळाचा चीक घालतात. ते घालावे, पण आधी भिंतीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर हातभर नमुना करून तो महिनाभर पाहावा.

चुन्याचे सर्व काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. नागपूरच्या मार्चनंतरच्या उन्हात गिलावा जमण्याआधीच वाळतो आणि भुकटी होतो. प्रत्येक थर साधारण १० ते १२ मिलिमीटरच्या आत ठेवावा, त्यावर ओले तरट टांगावे आणि किमान दहा दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी शिंपडावे. शेवटी पातळ सफेदीचे चार-पाच हात द्यावेत. जाड हात दिला तर तो पापुद्र्याने सुटतो.

झाडे लावताना

काळ ठरवला असेल तर झाडांची यादी बरीचशी आपोआप ठरते. बोगनवेल आणि गुलमोहर ही दोन्ही परदेशी झाडे भारतात एकोणिसाव्या शतकात आली, त्यामुळे भोसलेकालीन बागेत त्यांना स्थान नाही. येथे नागपूरकरांना एक गोष्ट बोचेल. संत्र्याची कलमे औरंगाबादहून आणून रघुजीराजे भोसले यांनी येथे लावली ती १८९४ च्या सुमारास, असे नोंदले गेले आहे. म्हणजे १८०० च्या बागेत आजचे नागपुरी संत्रे लावणे हा कालविपर्यास ठरतो. बाग १९०० च्या सुमाराची असेल तर मात्र संत्र्याचे एक झाड मानाने लावावे.

जुन्या बागेसाठी बकुळ, सोनचाफा, पारिजात, डाळिंब, लिंबू, केळी, मोगरा, जाई, जुई, कुंद, तगर, कण्हेर, देशी गुलाब, शेवंती, दवणा, मरवा हे निर्धास्तपणे निवडता येतात. त्यांची मांडणी सुगंधाच्या आणि ऋतूच्या हिशेबाने करावी. उन्हाळ्यात वारे मुख्यतः पश्चिमेकडून व वायव्येकडून येतात. म्हणून उन्हाळ्यात फुलणारा मोगरा ओसरीच्या त्या बाजूला हवा. पारिजात पायवाटेशेजारी असावा, म्हणजे पावसाळ्याअखेर पहाटे सडा वाटेवर पडतो. पाटाच्या काठाने वाळा लावावा. त्याची मुळे पाटाचा काठ धरून ठेवतात, आणि त्याच मुळांच्या ताट्या करून उन्हाळ्यात ओसरीच्या कमानीत टांगता येतात. आज या कमानीत लोक कूलर बसवतात आणि त्याच्या पाण्याने खांब कुजतो. कमानीत टांगलेली, पाणी शिंपडलेली वाळ्याची ताटी हे त्याच ओसरीसाठी बनवलेले जुने साधन आहे.

आंबा किंवा तत्सम मोठे झाड बंगलीपासून आणि विहिरीपासून आठ-दहा मीटर दूर ठेवावे. भिंतीत उगवलेले पिंपळ-वडाचे रोप हिसकून उपटू नये, दगड सुटतात. ते कापून मुळावर औषध लावावे आणि मूळ मेल्यावर सांधा चुन्याने भरावा. नवी लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जुलैत करावी. हिरवळीचा गालिचा करू नये. तो या बागेच्या काळाचाही नाही आणि या उन्हाचाही नाही. वाटांवर मुरूम दाबून घ्यावा.

वर्षभराची राखण

काम संपल्यावर बंगलीच्या कोनाड्यात एक जाड वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानांवर चुन्याचे ठरलेले प्रमाण, वाळू कोठून आणली ते, बदललेल्या लाकडाचे ठिकाण आणि जमिनीखालून गेलेल्या नळांचा नकाशा असावा. पुढे तारीखवार नोंदी लिहाव्यात. मे अखेर कवेलू फेरून घ्यावीत आणि पन्हळी साफ कराव्यात. जूनमध्ये पाटाचे तोंड उघडून पाण्याला वाट मोकळी करावी. सप्टेंबर संपताना भिंतींवर उगवलेली रोपे काढावीत. दिवाळीआधी सफेदीचा एक हात द्यावा. थंडीत लाकडाला जवसाचे तेल लावावे. मे महिन्यात विहीर पाहावी, तिची पातळी लिहावी आणि काचेच्या ज्या पट्ट्या सुरुवातीला लावल्या होत्या, त्या अजून अखंड आहेत का ते तपासावे.